एक अंग, दोन मास्तर

आमच्या यवतमाळकडच्या तालुक्यात दिवाळीपासून एक वाद सुरू आहे आणि तो ज्या तऱ्हेनं सुरू आहे ते पाहून गप्प बसवत नाही, म्हणून लिहून राहिलो. बीए सेकंड इयरची एक पोरगी, कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमची मेन शूटर, म्हणजे जाळीवरून स्मॅश मारणारी, आणि तीच पोरगी तिहेरी उडीतही चांगली. यंदा व्हॉलीबॉलच्या आंतरमहाविद्यालयीन मॅचेस आणि अ‍ॅथलेटिक्सची निवड एकाच आठवड्यात पडली. व्हॉलीबॉलचे सर म्हणाले, इकडं आली नाहीस तर पुढच्या वर्षी टीममध्ये नाव धरू नको. अ‍ॅथलेटिक्सचे सर म्हणाले, मग एवढी मेहनत काय वाया घालवायला करून घेतली का? पोरीनं दोघांचंही मन राखायचं ठरवलं. संध्याकाळी पाचव्या सेटपर्यंत गेलेली मॅच खेळली, रात्रीच्या एसटीनं उभ्या-उभ्या अर्धा रस्ता आली, सकाळी आठला पिटावर, म्हणजे उडीच्या वाळूच्या खड्ड्यावर, उभी राहिली आणि दुसऱ्याच उडीत गुडघा धरून वाळूत बसली.

तेव्हापासून चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथं दोन खेळलेली माणसं भेटतील तिथं हाच विषय. एका बाजूचं म्हणणं, एक ना धड भाराभर चिंध्या. पोरीचं मन थाऱ्यावर नाही, दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधातच पडते, एक खेळ धर आणि त्यातच जीव ओत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पोरगा असता तर ऑलराउंडर म्हणून हार घातले असते, पोरगी आहे म्हणून नावं ठेवता. हे दुसरं म्हणणं खोटं नाही, मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण दोन्ही बाजू नीट ऐकल्या की लक्षात येतं, दोघंही त्या पोरीच्या स्वभावावरच बोलून राहिले. ती चंचल की जिद्दी, लोभी की हिमतीची, एवढंच. त्या आठवड्याचं वेळापत्रक कोणी काढून पाहिलं का? सोमवार ते शनिवार तिनं किती उड्या मारल्या हे कोणी विचारलं का? त्या दोन सरांनी एकमेकांना एक फोन तरी केला होता का? माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरापोरींनी अ‍ॅथलेटिक्स जरूर करावं, खेड्यातल्यांनी तर करावंच. त्यात जे मोडते ते खेळ दोन आहेत म्हणून मोडत नाही. एकाच अंगावर दोन मास्तर आपापली हजेरी घेतात आणि दोघांच्या वह्या कधी एकमेकांसमोर उघडत नाहीत, म्हणून मोडते.

मी कॉलेजात तीन वर्षं व्हॉलीबॉलचा लिफ्टर, म्हणजे शूटरला स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा, होतो, आता शेती करतो आणि संध्याकाळी गावच्या ग्राउंडवर पंधरा-वीस पोट्टे-पोट्ट्या खेळवतो. त्यामुळं विरोधी बाजूचं जे सगळ्यात वजनदार म्हणणं आहे ते मी पहिले मान्य करतो, ते म्हणजे गुडघा. आमचं ग्राउंड मुरमाचं आहे. पावसाळा संपला की फक्की मारून अठरा बाय नऊ मीटर आखतो, दोन लोखंडी पाइप, मधात जाळी, पोरींसाठी २.२४ मीटरवर, आणि डिसेंबर येईपर्यंत तो मुरूम सिमेंटसारखा टणक होतो. मागच्या वर्षी मी एक काम केलं. डाव्या खिशात मूठभर तुरीचे दाणे घेतले आणि एकाच पोरीवर नजर ठेवली, तिनं स्मॅशला, ब्लॉकला, सर्व्हिसला उडी मारली की एक दाणा उजव्या खिशात. मला वाटलं होतं साठ-सत्तर होतील. दीड तासात १३४ दाणे सरकले. म्हणजे १३४ वेळा तिचं अख्खं अंग त्या टणक मुरमावर उतरलं, ते पण एका साध्या मंगळवारी, मॅच नसताना. गुडघ्याच्या वाटीखाली जो पट्टा असतो तो अशानं दुखायला लागतो. सुरुवातीला खेळायला उतरताना दुखते, अंग गरम झालं की थांबते, म्हणून पोरं सांगत नाहीत, आणि मग एक दिवस जिना उतरतानाही दुखायला लागते. डॉक्टर याला जंपर्स नी म्हणतात, व्हॉलीबॉलवाल्यांचा हा जुना आजार आहे. त्यात उड्या मारून उतरण्याच्या खेळात पोरांपेक्षा पोरींच्या गुडघ्याच्या आतली दोरी (लिगामेंट) तुटायचा धोका जास्त असतो, हेही खरं आहे. आणि अशा अंगावर तुम्ही तिहेरी उडी चढवता, जिच्यात पूर्ण पळत येऊन एकाच पायावर आदळायचं आणि त्याच पायावरून परत उचलायचं. भीती वाटणारच. मलाही वाटते.

दुसरं म्हणणं टीमचं. लांब उडीत पोरगी आली नाही तर तिचं एकटीचं नुकसान, व्हॉलीबॉलमध्ये शूटरच नसली तर लिफ्टरनं लिफ्ट द्यायची कोणाला? रोटेशन फिरते, मागची पुढं येते, एक जागा लंगडी झाली की सहाही जागा लंगड्या होतात. तिच्यासोबतच्या पाच पोरीही वर्षभर पहाटे उठल्या होत्या, त्यांच्याही आईनं अंधारात डबा करून दिला होता. ‘पोरीची मर्जी’ एवढं म्हणून हा मुद्दा उडवून लावणं मला पटत नाही. तुम्ही टीमला शब्द दिला असेल तर तो शब्द आहे.

आणि तिसरं म्हणणं एकाग्रतेचं. लगेच सचिनचं नाव येतं, शिवाजी पार्कवरचे ते तासन्‌तास येतात. त्यात तथ्य आहे, लिफ्टरच्या बोटांना बॉलची जी ओळख लागते ती हजारो लिफ्ट मारल्याशिवाय येत नाही, हे मी स्वतःच्या बोटांवरून सांगतो. वरच्या पातळीवर निवड करावीच लागते, तिथं दोन होड्या चालत नाहीत. मद्रासचे एम. जे. गोपालन हे याचं भारतातलं सगळ्यात मोठं उदाहरण. हॉकीपण खेळायचे आणि क्रिकेटपण, १९३४ ला इंग्लंडविरुद्ध टेस्ट खेळले, १९३५ ला भारताच्या हॉकी टीमसोबत न्यूझीलंडला जाऊन आले. १९३६ ला एकीकडं बर्लिनची ऑलिम्पिक, दुसरीकडं क्रिकेट टीमचा इंग्लंड दौरा. गोपालन यांनी क्रिकेट धरलं. अख्ख्या दौऱ्यात त्यांना एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही, आणि तिकडं ध्यानचंदच्या टीमनं फायनलला जर्मनीला ८-१ नं हरवून गोल्ड आणलं. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, दोन खेळ केले की असं होते. मला त्यात उलटंच दिसते. हा माणूस दोन्ही खेळांत देशाकडून खेळण्याइतका तयार झाला तो दोन्ही करत असतानाच झाला ना? निवडीचा प्रसंग आला तो शिखरावर आल्यावर, आणि त्याच्या समोर दोन दारं उघडी होती म्हणून आला. आपल्याकडं एकोणीस वर्षांच्या पोरीला, जिनं अजून विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाल्यावर भेटणारा कलर कोटही अंगावर घातला नाही, तिला आपण गोपालनची निवड करायला लावतो. एवढी घाई कशाची?

बरं, ‘तुझा खेळ धरून ठेव’ म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. तिचा खेळ तिनं निवडला कधी? खेड्यातल्या शाळेत खेळ पोरगी निवडत नाही, शाळेचं कपाट निवडते. ज्या शाळेच्या कपाटात व्हॉलीबॉल निघाला तिथली पोरं व्हॉलीबॉल खेळली, जिथं काहीच नव्हतं तिथली खो-खो आणि कबड्डी. आमच्या गावात पोरांचं शूटिंग, म्हणजे पास न देता बॉल सरळ पलीकडं मारायचा व्हॉलीबॉल, चालायचं, मग एका वर्षी एक गुरुजी बदलून आले, त्यांना पासिंग, म्हणजे पास-लिफ्ट-स्मॅशचा खेळ, आवडायचं, त्यांनी जाळी उंच बांधली आणि वर्गात जी जी पोर उंच होती तिला जाळीजवळ उभं केलं. त्या उंच पोरींमध्ये कोणी धावायला चांगली असेल, कोणी भाला फेकायला चांगली असेल, कोणाला माहीत? नववीत उंच असलेली पोरगी बीएला येईपर्यंत पाच फूट चारवरच थांबली असेल तर राज्याच्या टीमला शूटर म्हणून तिला कोणी उभं करणार नाही, पण लांब उडीत पाच फूट चार इंचाचं काही अडत नाही. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. ती खो-खोशीच इमान राखून बसली असती तर २०१६ ला रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला दहावी कोण आली असती? आपल्या नागपूरकडचा उमेश यादव घ्या, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस बॉलनंच खेळत होता, पोलीस भरतीही देऊन पाहिली, आणि २०११ ला भारताकडून टेस्ट खेळला. आपल्या भागातल्या पोरांना स्वतःचा खेळ उशिरा सापडतो, कारण दाखवणारंच कोणी लवकर भेटत नाही. दुसरा खेळ करू देणं म्हणजे तिला अजून एक कपाट उघडून दाखवणं आहे.

आता गुडघ्याकडं परत येतो, कारण तिथं खरा हिशोब आहे. व्हॉलीबॉल आणि उड्या हे दोन परके खेळ नाहीत, सख्खी भावंडं आहेत. शूटर स्मॅशला येते तेव्हा तीन-चार पावलांचा रनअप घेते, आणि शेवटच्या आधीचं पाऊल लांब टाकून अंग खाली दाबते, त्या एका पावलात पळण्याचा वेग वर जाण्यात बदलतो. उंच उडी आणि लांब उडी शिकवणारा मास्तर सगळ्यात जास्त बोंब कशाबद्दल मारतो? याच पावलाबद्दल. फरक एवढा की स्मॅशला दोन्ही पायांवरून उठायचं आणि उडीला एका पायावरून. माझ्याकडच्या दोन पोरींचा हा रनअप मी जाळीवर दोन वर्षं सुधारू शकलो नाही, चुन्याच्या पट्टीवर पाय मारायला लावला तर महिन्याभरात सुधारला. आणि वाळूत उतरणं हे मुरमावर उतरण्यापेक्षा गुडघ्याला कितीतरी सुसह्य आहे. गुडघा मरतो तो एकच एक प्रकारची उडी, एकाच टणक जागेवर, मोजदाद न करता मारल्यानं. केरळातल्या पेरावूरचं जॉर्ज कुटुंब बघा. जिमी जॉर्ज, भारतानं पाहिलेला सगळ्यात मोठा व्हॉलीबॉलपटू, इटलीत क्लबकडून खेळला आणि १९८७ ला तिथंच अपघातात गेला. घर सगळं व्हॉलीबॉलचं. त्याच घरातला भाऊ रॉबर्ट बॉबी जॉर्ज तिहेरी उडीत राष्ट्रीय विजेता झाला, पुढं अंजूचा कोच आणि नवरा झाला, आणि २००३ ला पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अंजू बॉबी जॉर्जनं ६.७० मीटर लांब उडी मारून ब्राँझ आणलं. जाळी आणि पिट एका घरात नांदू शकतात.

पण म्हणून कोणताही इव्हेंट चालेल असं मी म्हणत नाही, आणि इथं माझी बाजू घेणारे लोकही चुकतात. शूटरला पाच हजार मीटर पळवू नका, लांब पळण्यानं तिच्या पायातला झटका कमी होतो आणि वरून आदळआपट वाढते. भाला फेकायला लावायचं असेल तर खांद्याचा विचार करा, स्मॅशनं तो आधीच थकलेला असतो. तिहेरी उडी ही सगळ्यात महाग उडी आहे, ती पूर्ण रनअपनं आठवड्यातून एकदाच, आणि व्हॉलीबॉलचा सीझन चालू असताना तर नकोच. लांब उडी, उंच उडी, शंभर मीटर, हे शूटरला मानवतात. लिबेरोला (मागं राहून फक्त बॉल वाचवणारीला) किंवा लिफ्टरला दोनशे-चारशेही जमून जाते. मग सांगा, ‘दोन खेळ करावे की नाही’ हा प्रश्न मुळात बरोबर आहे का? ‘कोणते दोन, कोणत्या महिन्यात, किती’ असं विचारल्याशिवाय त्याला उत्तर देताच येत नाही.

आणि खरं सांगू का, ‘एकच खेळ’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक स्वतःच त्या पोरांना दुसरा खेळ करायला लावून राहिले. पहाटे साडेचारला दारव्हा रोडवर या, नेर रोडवर या, अंधारात शंभर-दीडशे पोरं-पोरी धावताना दिसतील, भरतीचं ग्राउंड मारायला. पोलीस भरतीत ग्राउंडला ५० मार्क आहेत, पोरांना १६०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळ्याचे १५, पोरींना १६०० ऐवजी ८०० मीटर. म्हणजे काय आहे ते? निखळ अ‍ॅथलेटिक्स आहे! व्हॉलीबॉलची पोरगी सकाळी डांबरी रोडवर ८०० मीटर मारते, गोळा टाकते, आणि संध्याकाळी जाळीवर येते. तिच्या बापाला, सरांना, गावाला, कोणालाच त्यात भाराभर चिंध्या दिसत नाहीत, कारण त्याच्या पुढं नोकरी आहे. मला नोकरीचं वाईट वाटत नाही, उलट आमच्याकडं एका घरातली एक पोर खाकीत गेली की अख्ख्या घराचा बाज बदलतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामागं पालक धावतात, तेही चुकीचं नाही. माझं म्हणणं एवढंच की दुसरा खेळ आपल्या पोरी आधीपासूनच करत आहेत, फक्त विनामास्तर, विनाहिशोब, झिजलेल्या बुटांनी आणि डांबरावर करत आहेत. तेच धावणं कोणी मातीवर करून घेतलं, आठवड्यात तीन दिवस ठेवलं, टाइम लिहून ठेवला, तर भरतीही साधेल आणि विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक्सलाही ती उभी राहील. हे नको म्हणायचं आणि ते चालते म्हणायचं, याला तत्त्व म्हणतात का?

शिवाय एक तिसरा खेळ आहे, तो कोणीच मोजत नाही. व्हॉलीबॉलच्या मॅचेस येतात तेव्हाच सोयाबीनची सोंगणी असते, ती आटोपते न आटोपते तोच कापूस फुटतो. ज्या पोरीचा गुडघा गेला तिनं त्या आठवड्यात रविवारी दिवसभर आईसोबत कापूस वेचला होता, मला तिच्या आईनंच सांगितलं. “भाऊ, मजूरच भेटत नाही, तिले नाही म्हणता येते का मले?” असं म्हणून ती माउली रडायला लागली, जसं काही तिच्याच हातून पाप झालं. दिवसभर वाकून, ओटी भरून, सरीतून चालणं काय असते हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. वरून खाणं काय, तर सकाळी चहा-टोस, दुपारी भाकर आणि चटणी, रात्री वरण-भात. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. आमच्या ग्राउंडवर मी पोरींना आधी हिमोग्लोबिन तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतो, तिथं गोळ्या फुकट भेटतात, आणि मगच सर्व्हिस शिकवतो. रक्त कमी असलेल्या पोरीला एक खेळ खेळवा की दोन, ती दमणारच, दुखावणारच. दोष द्यायचाच असेल तर दुसऱ्या खेळाच्या आधी या दोन गोष्टींना द्या.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेत चालते, आपल्याकडं नाही. ठीक आहे, अमेरिकेतलंच पाहू. तिथं कॉलेजच्या पोरींचा व्हॉलीबॉल सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो, ट्रॅकच्या स्पर्धा हिवाळ्यात आणि त्याच्या पुढं. म्हणून तिथली शूटर जानेवारीत उंच उडी मारताना दिसली तर कोणाला नवल वाटत नाही. सीझन चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर प्रॅक्टिस घ्यायची नाही असा तिथं नियम आहे. जॅकी जॉयनर-कर्सी कॉलेजात बास्केटबॉल खेळत खेळत हेप्टाथलॉन, म्हणजे पळणं-उड्या-फेकीचे सात इव्हेंट, करायची, आणि १९८८ ला सोलमध्ये तिनं ७२९१ पॉइंट केले, तो वर्ल्ड रेकॉर्ड आजही कोणाला तोडता आला नाही. त्यांच्याकडं फिजिओ आहेत, स्कॉलरशिप आहेत, लाकडी फ्लोअर आहे, ते आपल्याकडं उद्या येणार नाही हे मान्य. पण कॅलेंडरला पैसे लागतात का? आणि ही गोष्ट परकी आहे असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, ज्या १९३६ च्या बर्लिनला गोपालन गेले नाहीत त्याच बर्लिनला मंडळाचं पथक जाऊन कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवून आलं. आखाड्यात वाढलेल्या त्या पिढीला कोणी विचारलं नसेल की मल्लखांब तुझा का लाठी तुझी. अंग तयार करायचं म्हणजे सगळ्या बाजूंनी करायचं, हे आपल्याच मातीतलं शहाणपण आहे, आपणच ते मधात कुठंतरी टाकून दिलं.

मी हे सगळं दुसऱ्यांना सुनवून राहिलो पण एक गोष्ट माझ्याही नावावर आहे. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडं एक पोरगा यायचा, शाळेत असताना कात्रीच्या पद्धतीनं (एकेक पाय दांडीवरून टाकत) उंच उडी मारायचा, गादी नव्हती म्हणून वाळूत पडायचा. जाळीवर त्याचा हात पाहून मी त्याला म्हणालो, उडीबिडी सोड, इकडंच मन लाव. त्यानं माझं ऐकलं. दोन सीझन खेळला, मग उंचीनं मार खाल्ला, ब्लॉकवर सारखा अडायला लागला, आणि एक दिवस यायचाच बंद झाला. आता पुण्याकडं कंपनीत आहे, पोळ्याला गावात येते. यंदा भेटला तेव्हा विचारलं त्यानं, “सर, मी उडी किती मारत होतो, आठवते का तुम्हाले?” मला सांगता आलं नाही, कारण मी ती कधी मोजलीच नव्हती.

म्हणून मी आता जे मागतो ते फार नाही. जुलैत सेशन सुरू झालं आणि विद्यापीठाचं क्रीडा कॅलेंडर हातात आलं की कॉलेजच्या दोन्ही सरांनी एकदा एका टेबलावर बसावं, जी पोरं दोन्हीकडं आहेत त्यांची नावं काढावी, आणि कोणता आठवडा कोणाचा हे तेव्हाच लिहून ठेवावं. ज्याची स्पर्धा जवळ त्याचा हक्क पहिला, दुसऱ्यानं त्या आठवड्यात तिला हलकं ठेवायचं. तारखा एकमेकींवर पडल्या तर टीमला दिलेला शब्द पहिले पाळायचा, हे मी पोरींनाही बजावून सांगतो, पण तिला पुढच्या वर्षी नाव कापायची धमकी देऊन नाही. आणि व्हॉलीबॉलच्या सरांना एक नम्रपणे विचारायचं आहे, टीममध्ये बारा जणी नेता येतात, मग वर्षभर एकाच पोरीला लिफ्ट का? एक शूटर नसली तर टीम बसते, ही त्या पोरीची चूक का तयारीची? प्रत्येक पोरीमागं एक वही ठेवा, शाळेची वीस रुपयांची वही पुरते, त्यात सकाळचं धावणं, संध्याकाळच्या उड्या, शेतातला दिवस, दुखते का नाही, सगळं एकाच पानावर. आणि ती वही पोरीच्या पिशवीत राहू द्या, कोणत्याच सरांच्या टेबलावर नको. आठवड्यात एक दिवस पूर्ण आराम, त्या दिवशी ग्राउंडवर फिरकायचं नाही. मार्च उलटला की आमच्याकडं ऊन असं तापते की सकाळी सातनंतर पिटाची वाळूही पायाला चटका देते, तेव्हा ते दोन महिने उड्या बंद करून पोहणं असेल, सायकल असेल, तेवढंच ठेवा. यातलं काय परवडत नाही ते कोणी मला सांगावं.

त्या पोरीला यवतमाळला दाखवलं. दोरी तुटलेली नाही, सहा आठवडे उडी मारायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यातले चार झाले. घरी बसवत नाही म्हणून ती रोज ग्राउंडवर येते, ओट्यावर बसते आणि बाकीच्या पोरींच्या उड्या मोजते, तुरीचे दाणे ओढणीच्या टोकाला बांधून आणते. साठ झाले की तिथूनच ओरडते, आणि ओरडली की त्या पोरीनं जाळीवरून बाजूला व्हायचं, असं आमचं ठरलेलं आहे. तिच्या दोन्ही सरांना मी येत्या गुरुवारी साडेपाचला बोलावलं आहे, वहीपण दाखवायची आहे. एकानं येतो म्हणून सांगितलं, दुसऱ्यांना आज परत फोन करतो.